बॅटरीवर चालणारे गवत कापणी यंत्र: उद्यानातील एका हंगामानंतर

मी ज्या सार्वजनिक उद्यानात देखभालीचे काम करतो, तेथे यंदाच्या संपूर्ण हंगामात पेट्रोलच्या जुन्या ब्रश कटरऐवजी (खांद्याला अडकवून चालवायचे गवत कापणी यंत्र) 36 व्होल्टचे, 5 अँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम-आयन बॅटरीवर चालणारे यंत्र वापरले. मोकळ्या हिरवळीचे मोठे पट्टे चाकांच्या मशीनने कापले जातात. या यंत्राच्या वाट्याला उरलेसुरले येते, म्हणजे बाकांखालचे, कुंपणालगतचे, उतारावरचे आणि झाडांच्या बुंध्याभोवतीचे गवत. घरच्या बागेसाठी असे यंत्र घेणाऱ्यांचे अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात. परंतु जो रोज चार-पाच तास ते खांद्याला अडकवून चालतो, त्याची कसोटी वेगळी असते.

पहिला फरक सकाळीच कळतो. एक लिटर पेट्रोलमध्ये 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मोजून मिसळणे, थंड इंजिनाची दोरी पुनःपुन्हा ओढणे, कार्ब्युरेटरमधील कचरा काढत बसणे, हे सारे संपले. मला अधिक महत्त्वाचा वाटला तो कंपनांतला फरक. जुन्या यंत्रावर दिवस काढल्यानंतर संध्याकाळी बोटांना मुंग्या येत असत आणि आम्ही सगळेच तो कामाचा भाग समजत होतो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे अशी कंपने सोसल्याने बोटांतील रक्तवाहिन्या व नसा कायमच्या दुखावू शकतात आणि थंडीत बोटे पांढरी पडू लागतात. युरोपीय नियमांत हातापर्यंत पोहोचणाऱ्या कंपनाची आठ तासांची सरासरी 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या पुढे गेली की मालकाने उपाययोजना करायची असते, आणि 5 ही कमाल मर्यादा मानली जाते. यंत्र निवडताना माहितीपुस्तिकेतील हा आकडा किमतीच्या आधी पाहावा, असे माझे मत आहे.

आवाजाविषयी मात्र सांगण्यासारखे बरेच आहे, कारण जाहिरातीत ज्याला निव्वळ गुण म्हटले जाते, तो उद्यानात तसा राहत नाही. पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या तक्रारी थांबल्या, पाठीमागून कोणी हाक मारली तर ऐकू येऊ लागली, हे खरे. पण पेट्रोलच्या इंजिनाचा कर्कश आवाज आमच्या नकळत एक काम करत होता: लोक आपण होऊन दूर राहत. या प्रकारच्या यंत्रांच्या सूचनांत इतरांना किमान 15 मीटर अंतरावर ठेवण्यास सांगितलेले असते, आणि ते अंतर पूर्वी तो आवाज राखत होता. आता लहान मुले थेट जवळ येतात आणि कोणी बाक कुठे रिकामा आहे असे विचारायला खांद्यावर हात ठेवते. गवतात दडलेला खडा किंवा बाटलीचे झाकण गवत कापणाऱ्या फिरत्या नायलॉन दोरीच्या फटक्याने किती जोराने उडते, हे ज्याच्या नडगीवर एकदा बसले आहे त्यालाच ठाऊक असते. शेवटी आम्ही दोन सूचनाफलक आणि चार शंकू बरोबर नेऊ लागलो; यंत्राच्या हिशेबात हा खर्च आणि हा वेळ धरावा लागतो.

बॅटरीबद्दल थोडक्यात: ‘कमाल 40 व्होल्ट’ आणि ‘36 व्होल्ट’ अशी दोन यंत्रे शेजारी दिसली तर फसू नये, कारण दोन्हींत बहुधा तेच दहा सेल असतात आणि फरक मोजण्याच्या क्षणाचा असतो: पहिला आकडा बॅटरी पूर्ण भरलेली असतानाचा, दुसरा वापरातल्या सरासरीचा. पाहायचे ते वॉट-तास, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा. आमच्या बॅटरीत ते 180 भरतात. खोक्यावर लिहिलेला वेळ कोरड्या, विरळ गवताचा असावा, कारण ओल्या आणि गुडघाभर गवतात त्याच्या निम्माही मिळाला नाही. शिवाय तापलेली बॅटरी निवल्याखेरीज चार्जर ती स्वीकारत नाही. दिवसभराच्या कामाला आम्हाला चार बॅटऱ्या लागल्या आणि त्यांतली शेवटची नेहमी कुंपणाच्या शेवटच्या कोपऱ्यात संपली.

दोरीच्या फिरत्या डोक्यात 2.4 मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी बसते. जमिनीवर हलकेच आपटले की ती पुढे सरकते, निदान सरकायला हवी. गुंडाळताना एक वेढा दुसऱ्यावर चढला तर सगळे उघडावे लागते. जुनी, ठिसूळ झालेली दोरी रात्रभर पाण्यात ठेवली की पुन्हा चिवट होते, हा उपाय उपयोगी पडला. तुटलेले तुकडे मात्र मातीतच राहतात आणि ते कुजत नाहीत.

या यंत्राचा गती वाढवण्याचा खटका फार हळवा आहे, आणि माझी खरी नाराजी तेथे आहे. बुंध्याजवळ गती कमी ठेवायची असते, पण बोट जरासे दाबले गेले तरी दोरी पूर्ण वेगाने सुटते. कोवळ्या झाडाची साल पातळ असते. तिच्याखालील रसवाहिन्या चहूबाजूंनी कापल्या गेल्या की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड लगेच वाळत नाही, म्हणून दोष पाण्यावर किंवा किडीवर ढकलला जातो. यंदा एका रोपाच्या सालीला मीच अर्धा वेढा कापला. त्यानंतर नव्या लागवडीभोवती हातभर रुंदीचे आळे स्वच्छ करून त्यात वाळलेल्या पानांचा थर टाकला, आणि तेथील गवत आता मी खुरप्यानेच काढतो.

लहान आणि मध्यम उद्यानासाठी मी हे यंत्र सुचवीन, मात्र चार बॅटऱ्यांसकट आणि दोन्ही खांद्यांवर येणाऱ्या पट्ट्यासकट. सोबत मिळालेला एका खांद्याचा पट्टा तासाभरात मान अवघडवतो. दाट झुडपांच्या उतारासाठी आम्ही जुने पेट्रोलचे यंत्र अजून ठेवले आहे.