किनमेनचा तोफगोळ्याचा सुरा, वर्षभर वापरून

नोकरीमुळे आम्ही तैवानला सिंचूत असतो, मागच्या वर्षी जोडून सुट्टी आली तेव्हा किनमेन बेटावर (तैवानच्या ताब्यातलं, पण चीनच्या किनाऱ्याला खेटून) गेलो आणि तिथनं जुन्या तोफगोळ्याच्या पोलादाचा हा सुरा आणला.

धार जबरदस्त. कोथिंबीर, कोबी एकदम बारीक, लाल भोपळ्याचे एका दाबात दोन तुकडे, पातं रुंद असल्यामुळे लसूण ठेचायला आणि चिरलेलं उचलून कढईत टाकायलापण तोच. वजन मात्र आहे, आई इथे आली की विळीच काढते. माझा स्टेनलेस नाहीये, लिंबू कापून तसाच ठेवला की काळा डाग पडलाच, लगेच धुवून पुसून तेलाचा हात फिरवायचा. लाकडी मूठ सहा महिन्यांत हलायला लागली, एवढे पैसे घेतात तर मूठ पक्की हवी होती.

पण खरं मोल त्या पोलादाचं. दुकानामागेच भट्टी, कोपऱ्यात गंजलेल्या तोफगोळ्यांचा ढीग, कारागीर गॅसने त्यातला एक तुकडा कापतो, लालभडक तापवतो आणि घणाखाली धरतो, ठिणग्या पार आपल्या पायापर्यंत येतात. हे गोळे चीनने टाकलेले. 23 ऑगस्ट 1958 पासून 44 दिवसांत एवढ्याशा बेटावर साडेचार लाखांच्या वर गोळे पडले, अमेरिकेचं सातवं आरमार रसदीच्या जहाजांना सोबत करत होतं, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह चीनच्या बाजूने अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरना इशारे देत होते आणि इथली माणसं पोरांना घेऊन जमिनीखाली बसलेली. नंतर वीस वर्षं विषम तारखेला गोळे, सम तारखेला शांतता. त्यात बरेचसे स्फोटकांऐवजी प्रचारपत्रकं भरलेले, त्यांच्या चिंधड्या होत नाहीत, कवच जाडजूड शाबूत मिळतं म्हणून सुऱ्यांना ते चालतं, पण घरावर पडला तर त्यानेपण माणूस जायचा.

हे थांबलं 1 जानेवारी 1979 ला, अमेरिकेने बीजिंगशी राजनैतिक संबंध जोडले त्याच दिवशी. किनमेनवाल्यांना सुरू करतानाही कुणी विचारलं नाही आणि थांबवतानाही नाही, हे मला फार लागलं. किनाऱ्यावर अजून लोखंडी सळयांचे अडसर उभे आहेत, समोर चीनच्या शियामेन शहराचे टॉवर दिसतात, 2001 पासून फेरी चालते, लोक पलीकडे सहज जाऊन येतात, आणि 2024 पासून चिनी तटरक्षक दलाच्या बोटी परत याच पाण्यात घिरट्या घालतायत.

सुरा जरूर घ्या, पण भट्टीवर उभं राहून आपल्यासमोर बनवून घ्या, आणि मूठ तिथेच हलवून बघा. परतताना चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.