थंडीच्या लाटेचा इशारा: हवामान विभागाची हिवाळी सेवा कितपत कामाची?

भारतीय हवामान विभाग हिवाळ्यात थंडीची लाट, थंड दिवस, धुकं आणि जमिनीवर दव गोठण्याचे इशारे देतो. ही सेवा फुकट आहे. संकेतस्थळावर जिल्हावार रंगीत नकाशा दिसतो. त्याशिवाय फोनवर ‘मौसम’ आणि शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ अशी दोन ॲप आहेत. आमचं मत आधीच सांगतो. दोन-तीन दिवस आधी सावध करण्याचं काम ही सेवा चांगलं करते, आणि द्राक्षबागायतदारापासून रात्री गाडी चालवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने ती वापरावी. पण तिच्यातला अंशांचा आकडा जसाच्या तसा आपल्या शिवाराला लावला तर फसगत होते. त्या आकड्यातून आपल्या जागेचा आकडा कसा काढायचा, हे ॲपमध्ये कुठं सांगितलेलं नाही. म्हणून इथं त्यावरच जास्त लिहिलं आहे.

आधी शब्दांचे अर्थ पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथंच होतो. गारठा वाढला की बातम्यांत लगेच ‘थंडीची लाट’ येते. हवामान विभागाची व्याख्या मात्र काटेकोर आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवं, आणि ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली हवं. त्याहून जास्त घसरण झाली तर ती तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर किंवा खाली गेला की लाट, आणि २ अंशांवर किंवा खाली गेला की तीव्र लाट. किनारपट्टीसाठी उंबरठा वेगळा आहे: १५ अंश किंवा कमी, आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची घट.

याचा परिणाम उदाहरणाने कळतो. ज्या गावाची सरासरी ११ अंश आहे, तिथं पारा ९ वर आला तरी लाट नाही. त्यासाठी तो ६.५ पर्यंत उतरायला हवा. ज्या गावाची सरासरी १७ आहे, तिथं १० अंशाला थेट तीव्र लाट लागते, कारण घसरण ७ अंशांची झाली. म्हणजे लाटेचा इशारा ‘किती थंड’ यापेक्षा ‘नेहमीपेक्षा किती वेगळं’ हे जास्त सांगतो. माणसांच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण सवय नसलेल्या थंडीनेच लोक आजारी पडतात. पिकाला मात्र सरासरीशी देणंघेणं नसतं. केळीच्या झाडाला १० अंश म्हणजे १० अंशच. त्यामुळे शेतकऱ्याने नकाशाचा रंग पाहून थांबू नये, खालचा किमान तापमानाचा अंदाज उघडून बघावा. नकाशा हिरवा असतानाही पिकाला धोका असू शकतो.

रंगांचा अर्थ सोपा आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. मजकुरातल्या ठरीव शब्दांकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. महाराष्ट्राचे हवामान विभाग चार आहेत: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी थंडीची लाट’ हे वाक्य जळगावपासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्याबद्दल असतं. सोलापुरात बसून ते वाचलं तर अर्थ फार कमी उरतो. अशा वेळी विभागाचं वाक्य सोडून जिल्ह्याचा इशारा बघावा.

आता आकड्याचं. वेधशाळेतलं तापमापक लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि तिला चिकटलेली हवा आधी गार होते. म्हणून गवताच्या पात्यावरचं तापमान पेटीतल्या आकड्यापेक्षा काही अंशांनी कमी असतं. त्यात गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याचे फोटो येतात आणि त्याच सकाळी वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो, त्याचं कारण हेच. दोन्ही खरं असतं. वेधशाळा एका जागी आहे, तलावाकाठच्या स्ट्रॉबेरीचे वाफे दुसऱ्या जागी. निफाडच्या कुंदेवाडीत गहू संशोधन केंद्रावर नोंदवलेला आकडाही नाशिक शहराच्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा खाली असतो.

हा फरक काढायला साधं किमान-कमाल तापमापक पुरतं. ते सव्वा मीटर उंचीवर, सावलीत, भिंतीपासून आणि पत्र्यापासून लांब लावा. दुसरं पिकाच्या उंचीवर लावा: द्राक्षात घडांच्या पातळीला, स्ट्रॉबेरीत जमिनीपासून वीतभर वर. दहा-पंधरा निरभ्र रात्रींचे आकडे वहीत लिहा, शेजारी जवळच्या केंद्राचा प्रसिद्ध झालेला किमान आकडा लिहा. ढगाळ आणि वाऱ्याच्या रात्री वेगळ्या ठेवा, कारण तेव्हा हवा ढवळली जाते आणि फरक जवळजवळ मिटतो. निरभ्र रात्रींतला मधला फरक हा तुमच्या जागेचा. समजा तो ३ अंश आला, तर अंदाजात ७ दिसताच तुम्ही ४ धरून चालायचं. एवढं केलं की ही सेवा खऱ्या अर्थाने कामाला येते.

दुसरी अडचण वेळेची आहे. सकाळी साडेआठला निरीक्षण होतं आणि नंतर जो किमान आकडा जाहीर होतो, तो सरलेल्या रात्रीचा. निर्णय तर आदल्या संध्याकाळी घ्यायचा असतो. म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमाराला चार गोष्टी बघाव्यात: उद्याचा किमान अंदाज, ढग, वारा आणि दवबिंदूचं तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते. आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असेल तर पारा सर्वात खाली जाणार, साधारण सूर्योदयाच्या आसपास. दवबिंदू वर असेल तर रात्री दव पडताना उष्णता बाहेर पडते आणि घसरण मंदावते. तो फार खाली असेल तर हवा कोरडी, आणि पारा झपाट्याने उतरतो. उत्तरेत पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी, पाऊस-बर्फ आणणारी हवेची प्रणाली) येऊन गेला की मागे कोरडे उत्तरी वारे सुटतात. विदर्भात आणि मध्य महाराष्ट्रात थंडी त्यानंतरच आवळते. ही साखळी हवामान विभागाच्या रोजच्या बुलेटिनमध्ये लिहिलेली असते, आणि ती वाचायची सवय लागली की रंग बदलण्याआधीच अंदाज येतो.

कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो. नोंदणी मोबाइल क्रमांकावर होते, जिल्हा निवडायचा, की झालं. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा आणि ढग एका पानावर दिसतात. हा भाग आम्हाला मनापासून आवडतो. सल्ल्याच्या मजकुराबद्दल मात्र दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली गोष्ट धुराची. ‘बागेत शेकोट्या करून धूर करा’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो आणि पहाटे शिवारभर पाचट पेटतं. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि तिने हवा ढवळली जाण्याचा. म्हणून बांधावर एक मोठा जाळ करण्यापेक्षा बागेत अनेक लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची गार हवा आत ओढली जाते. ओला पालापाचोळा घालून नुसता धूर वाढवण्यात दम नाही.

दुसरी पाण्याची. सल्ल्यात ‘हलकं पाणी द्या’ एवढंच असतं, कारण लिहिलेलं नसतं. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू वर देते. त्यामुळे लाट यायच्या आदल्या दिवशी, ऊन असताना, वरचा फूटभर थर ओला झालेला असणं सर्वात चांगलं. पहाटे ठिबक सुरू केलं तरी फायदा होतो, कारण विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं. शेतीपंपाची वीज पाळीने येते, तेव्हा त्या आठवड्यात पाळी कोणती आहे ते आधीच पाहून ठेवा. तुषार सिंचनाची गोष्ट वेगळी. पारा शून्याकडे जात असताना ते एकदा सुरू केलं तर सूर्य वर येऊन बर्फ वितळेपर्यंत बंद करता येत नाही. मध्येच बंद केलं तर पानांवरचं पाणी उडून जाताना पानं आणखी गार होतात आणि नुकसान उलट वाढतं. आच्छादनाचंही असंच: पाचटाचं आच्छादन मुळं उबदार ठेवतं, पण जमिनीची उष्णता खालीच अडवून ठेवतं, त्यामुळे वरची हवा अधिक गार होते. रोपांना ते चांगलं, जमिनीलगत फुलोऱ्यात असलेल्या पिकाला तितकं नाही.

पिकानुसार उंबरठे सल्ल्यात अधिक ठळक हवेत. द्राक्षात कडाक्याच्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते, पुढे मण्यांना तडे जातात. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक वाढला की पांढऱ्या जातींत पिंक बेरी (मणी गुलाबी पडणं) दिसू लागते, आणि त्यासाठी घडांना कागद आधीच लावलेला असावा लागतो. केळीची वाढ साधारण १२ अंशांखाली थांबते, निसवण (घड बाहेर पडणं) अडकते, घड खोडातच गुदमरतो. तिथं बागेभोवती वारा अडवणारं कुंपण आणि घडाला पिशवी हे लाटेच्या दिवशी सुचवून उपयोगाचं नाही, ते नोव्हेंबरातच करून ठेवावं लागतं.

प्रवाशांसाठी धुक्याचे इशारे जास्त महत्त्वाचे. दृश्यमानता २०० ते ५० मीटर म्हणजे दाट धुकं, ५० मीटरपेक्षा कमी म्हणजे अति दाट. हा आकडा थेट वेगाशी जोडून बघा. ताशी ६० किलोमीटर वेगाला भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंदात गाडी २५ मीटर पुढे जाते, ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ६०. अति दाट धुक्यात तेवढं दिसतच नाही. ताशी ४० ला हेच अंतर ३२-३३ मीटर भरतं. हेडलाइट खाली ठेवा, वरच्या झोताने समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी पट्टा बरोबर सांगतो, पण नदीकाठचा किंवा घाटातला एखादा तुकडा त्यात सापडेलच असं नाही. त्यासाठी निघण्याआधी दर तीन तासांचा तात्कालिक इशारा उघडावा. उत्तरेकडून येणाऱ्या रेल्वेगाड्यांना उशीर का होतो तेही यातूनच कळतं: धुकं-सुरक्षा यंत्र असलेल्या इंजिनालाही धुक्यात ताशी ७५ किलोमीटरची मर्यादा असते.

दुचाकीस्वारांसाठी या सेवेत काहीच नाही, ही आमची सर्वात मोठी तक्रार. लाटेच्या व्याख्येत वारा मोजला जात नाही. हवा ८ अंश असताना ताशी ४० किलोमीटरने गाडी चालवली तर उघड्या कातडीला ती सुमारे ३ अंशांसारखी लागते, आणि बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज चुकतो. पहाटे दूध आणि भाजी घेऊन निघणाऱ्यांसाठी अंदाजात असा एक रकाना असायला हरकत नाही. तोवर वारा न शिरणारे हातमोजे आणि छातीवर वारा अडवणारा एक थर, एवढं तरी असू द्यावं.

आरोग्याच्या सूचना मात्र नीट लिहिलेल्या असतात, आणि त्यातली एक कधीच ओलांडून वाचू नये: बंद खोलीत शेगडी किंवा कोळशाची शेकोटी ठेवू नका. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. खोली उबवायचीच असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा.