तांबट आळीतला हंडा आणि तो घडवणारी आळी

कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मी पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याचा हंडा घडवून घेतला आणि त्याच सुमारास घरातल्या पितळेच्या जुन्या पातेल्यांना कल्हईही करून घेतली. दोन्ही गोष्टी रोजच्या वापरात मुरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. कारागिराचे नाव देत नाही, कारण त्याचा सारा व्यवसाय एकट्याच्या हातांवर चालतो आणि मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने आळीतल्या इतर कारखान्यांनाही लागू आहे. हंडा उत्तम आहे. पण तो इतका चांगला का निघाला याचे उत्तर, तो घडवणारा माणूस जिथे काम करतो तिथेच राहतो, या गोष्टीत बरेचसे सापडते.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच, आणि १७३२ मध्ये बांधून झालेला शनिवारवाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. शिंपी आळी, भोई आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा अशी व्यवसायांवरून पडलेली नावे या भागात पावलोपावली भेटतात, मात्र त्यांतल्या बहुतेक ठिकाणी आता व्यवसाय उरलेला नाही. तांबट आळीत तो उरला आहे. पेशवाईत इथे स्थिरावलेल्या त्वष्टा कासार समाजातली काही घराणी अजूनही हातोडा चालवतात, त्यांच्या कुलस्वामिनीचे, कालिका देवीचे मंदिर याच पेठेत आहे, आणि सकाळी आळीत शिरताच ठोक्यांच्या आवाजावरून कोणाचे काम सुरू झाले आहे हे जुन्या रहिवाशांना घरात बसून कळते. मी याच पेठेत भाड्याने राहतो आणि मुद्रितशोधनाचे काम घरूनच करतो, त्यामुळे हा आवाज माझ्याही कामाच्या वेळेला रोज सोबत असतो.

ज्या कारखान्यात मी गेलो तिथे तळमजल्यावर भट्टी, जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी ठोकळा आणि भिंतीला ओळीने टांगलेले निरनिराळ्या तोंडांचे हातोडे आहेत. वर माळवदावर त्यांचे घर. दुकान म्हणावे असे काही नाही, शोकेस नाही, भावाचा फलक नाही. ‘काका, वीसेक लिटर पाणी मावेल असा हंडा हवा आहे, खाली तोटी बसवून,’ असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी भाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारले: घरात माणसे किती, हंडा ओट्यावर राहणार की तिवईवर, आणि रोज घासणार कोण. शेवटच्या प्रश्नाचे मला नवल वाटले. त्याचा उलगडा त्यांनीच केला. तोंड अरुंद ठेवले तर हंडा सुबक दिसतो, पण आत हात जात नाही, आणि ज्या भांड्यात हात जात नाही ते भांडे पुढे घरात कोणी वापरत नाही. म्हणून त्यांनी तोंड रुंद ठेवायला सुचवले आणि मी मान्य केले. तयार माल विकणाऱ्या दुकानात असा प्रश्न मला कधी कोणी विचारलेला नाही.

घडणीची बरीचशी प्रक्रिया मला जाता-येता पाहता आली. पत्रा २० गेजचा, म्हणजे जाडीला साधारण ०.९ मिलिमीटर. त्याची गोल चकती कापायची, ती भट्टीत लाल होईतो तापवायची आणि मऊ झाली की ठोकून खोलगट करायची. तांबे ठोकता ठोकता ताठर होत जाते आणि तसेच ठोकत राहिले तर तडकते, म्हणून मध्ये मध्ये त्याला पुन्हा ताव द्यावा लागतो. खालचा आणि वरचा भाग वेगवेगळे घडवून मग झाळून जोडतात, आणि सगळ्यांत शेवटी येतो मठार. एका हाताने हंडा ठोकळ्यावर किंचित किंचित फिरवत राहायचे आणि दुसऱ्या हातातल्या गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने ओळीने ठोके घालत जायचे. काकांचा फिरवणारा हात आणि ठोकणारा हात यांच्या गतीत जराही फरक पडत नव्हता. बोलताना, वरून हाक आली तर तिला ओ देतानाही ओळ सरळच चालली होती.

मठार ही केवळ नक्षी आहे असा पुष्कळांचा समज असतो. तापवून मऊ झालेल्या पत्र्याला या शेवटच्या ठोक्यांनी पुन्हा ताठरपणा येतो, भट्टीतून राहिलेले खळगे बसतात आणि भांडे पोचे न पडता वर्षानुवर्षे टिकते. बाजारात हल्ली साच्याने उठवलेल्या मठाराची भांडीही मिळतात. ती ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्यांतली प्रत्येक खूण शेजारच्या खुणेशी तंतोतंत जुळते, तर हाताच्या मठारात ओळ सरळ असूनही प्रत्येक ठोक्याची खोली अगदी थोडी निराळी असते आणि उजेडात भांडे फिरवले की ती लक्षात येते. माझ्या हंड्यावर ही ओळ सांध्यावरूनही अखंड गेली आहे. सांधा कुठे आहे हे मला माहीत असूनही बाहेरून चटकन सापडत नाही.

पाण्याची चव, गारवा आणि तांब्याचे गुणधर्म यांवर इतके लिहिले जाते की मी त्यात भर घालत नाही. पाणी उन्हाळ्यातही प्यावेसे वाटते, एवढे पुरे.

हंडा घरी आल्यावर तोटीच्या बुडाशी पाणी पाझरू लागले. तक्रार सांगायला मला कोणताही क्रमांक फिरवावा लागला नाही. संध्याकाळी हंडा घेऊन खाली उतरलो, तेव्हा काका ओट्यावर बसले होते. त्यांनी बोट फिरवून पाहिले, भट्टी विझलेली असल्याने ‘सकाळी पहिल्यांदा हेच करतो’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत हंडा दुरुस्त होऊन माझ्या दारात होता. त्याची मजुरी त्यांनी घेतली नाही. ‘रोज तुमच्यासमोरून जायचंय मला,’ एवढेच ते म्हणाले. ज्या वस्तीत घडवणारा आणि वापरणारा एकाच वाण्याकडून किराणा घेतात, एकाच मांडवात गणपतीला उभे राहतात, तिथे वॉरंटीच्या कागदाची उणीव मला जाणवली नाही. मोठ्या गृहसंकुलात राहत असताना नळाच्या साध्या दुरुस्तीसाठी मी अॅपवर तक्रार नोंदवून वाट पाहत असे आणि दर वेळी नवा माणूस येई. तो वाईट काम करत असे असे नाही, पण त्याची-माझी पुन्हा भेट होण्याचा संभव नसे, आणि त्याचा परिणाम कामावर होतच असे.

कल्हईचे काम काकांनी स्वतः केले नाही. ते कसब वेगळे, म्हणून त्यांनी पातेली जवळच्या एका कल्हईवाल्याकडे धाडली आणि मी सोबत गेलो. भांडे आधी स्वच्छ घासून भट्टीवर धरायचे, तापले की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, आणि त्याच क्षणी कथलाची कांडी आत फिरवून कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील सर्वत्र पसरवायचे. काळवंडलेले पातेले काही क्षणांत चांदीसारखे होते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, हे लक्षात ठेवून कल्हईचे भांडे रिकामे असताना गॅसवर तापत ठेवू नये. कथलात स्वस्त शिसे मिसळण्याची लबाडीही या धंद्यात चालते आणि शिसे पोटात जाणे घातक असते, म्हणून ‘शुद्ध कथील वापरता ना?’ हे विचारायला संकोच करू नये. इथे काकांनी शब्द टाकला होता, आणि आळीत दिलेला शब्द मोडणे परवडत नाही. आता त्या पातेल्यात चिंच घातलेली आमटी करता येते आणि ताक कळकत नाही.

काही गोष्टी नवख्याला खटकतील. भाव वजनावर ठरतो, वर मजुरी, आणि तांब्याचा दर बदलत असल्याने आज विचारलेला भाव पुढच्या महिन्यात तोच राहील असे नाही. हिशेब काकांनी मला व्यवस्थित समजावून दिला, पण तो विचारावा लागला. पावती कच्च्या कागदावर मिळाली. सांगितलेल्या तारखेपेक्षा हंडा उशिरा आला, कारण मध्ये एका देवळाच्या कळसाचे काम निघाले. झाकण हंड्याच्या मानाने हलके आहे आणि त्याची मूठ गुळगुळीत असल्याने ओल्या हातातून निसटते, हा घडणीतला एकमेव दोष मला सांगावासा वाटतो. चारचाकी आळीत नेण्याचा विचार करू नये.

आवाजाविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. दिवसभर ठोके सहन होतील का, असे मला राहायला येण्यापूर्वी अनेकांनी विचारले होते. मला होतात, कारण ते ठरावीक वेळी सुरू होतात, दुपारी थांबतात आणि तिन्हीसांजेला बंद होतात. पण वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, त्यांत नव्याने येणाऱ्यांना हा आवाज म्हणजे उपद्रव वाटतो, आणि खुद्द तांबटाला पुनर्विकासात तिसऱ्या मजल्यावर सदनिका मिळाली तर भट्टी आणि ठोकळा तिथे नेता येत नाही. त्याचे घर टिकते आणि काम जाते. स्टीलने स्वयंपाकघरातले तांबे-पितळ हटवले, गीझरने न्हाणीघरातला बंब हटवला, तरी ही आळी तगली, कारण तळमजला तिच्या हातात होता. पेठेच्या पुनर्विकासाचे नियम करणाऱ्यांनी काम करणाऱ्या कुटुंबाला तळमजल्यावरची कामाची जागा राखून द्यावी, असे मला मनापासून वाटते. नुसत्या जुन्या दर्शनी भिंती जपून हे साधणार नाही.

जायचे असेल तर सकाळी जा, म्हणजे भट्टी पेटलेली असते आणि काम पाहायला मिळते. २०२४ पासून भूमिगत मेट्रोचे कसबा पेठ स्थानक सुरू झाले आहे, तिथून आळीपर्यंत चालत जाता येते. दिवाळीसाठी किंवा लग्नाच्या रुखवतासाठी काही घडवून घ्यायचे असेल तर पुरेसे आधी सांगा आणि थोडी आगाऊ रक्कम देऊन ठेवा. घासाघीस करून मजुरी कमी करू नका, ती मुळातच फार नसते. माप घरून घेऊन जा, तोंड रुंद ठेवा, आणि झाकणाला पकडायला कडी बसवून मागा. मी माझ्या झाकणाला तशी कडी बसवायला पुढच्या आठवड्यात देणार आहे.