पोर्टफोलिओचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

भारतात एम.आर्क. (आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी) करायचं तर आधी बी.आर्क. (त्यातलीच पदवी) लागतं. त्यामुळे सोलापुरात बी.ई., बी.एस्सी. करून आर्किटेक्चरकडे वळणारी मुलं बहुधा अमेरिकेतल्या तीन-साडेतीन वर्षांच्या एम.आर्क.चा विचार करतात. हार्वर्डचा असा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा आहे. तिथं आर्किटेक्चरची पदवी मागत नाहीत, पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाचा संच, मात्र मागतात. मग नवी पेठेत जाऊन ड्रॉइंगचं सामान पिशवीभर आणलं जातं. त्यातलं निम्मं पोर्टफोलिओच्या उपयोगाचं नसतं, म्हणून हे परीक्षण.

मिनी ड्राफ्टर नवा घेऊ नका. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा घरात असेल तर तेवढा पुरे. वापरण्याआधी त्याचे सांध्यांचे स्क्रू आवळा आणि बोर्डावर दोन लांब समांतर रेघा मारून दोन्ही टोकांना अंतर मोजा. फरक आला तर सांधा ढिला आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. इंजिनिअरिंग ग्राफिक्समध्ये सगळं काम एकसारख्या बारीक रेघांचं आणि मापांनी भरलेलं असतं. निवड समितीला अशा पानातून तुमची नजर दिसत नाही. सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, कुठून कापलाय, उजेड कुठून येतो, माणूस कुठे उभा आहे, हे कागदावर दिसायला हवं.

त्यासाठी ०.१, ०.३ आणि ०.५ ही तीन फाइनलायनर पेनं बास. कापलेला भाग ०.५ नं, दिसणाऱ्या कडा ०.३ नं, पोत ०.१ नं. ०.०५ चं पेन खरबरीत कार्ट्रिज कागदावर दाबून चालवलं की टोक आत जातं आणि पेन वाया जातं. रोट्रिंग आयसोग्राफ या शाई भरायच्या पेनची रेघ या सगळ्यांत देखणी, यात वाद नाही. तरी नवशिक्याला ते सुचवणार नाही. टोपण उघडं राहिलं तर आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत शाई टोकातच सुकते. मग निब उघडून कोमट पाण्यात धुवावी लागते आणि बारीक निबमधली तार त्यात हमखास वाकते.

कागद १३० ते १६० जीएसएमचा, ए३ आकाराचा घ्या. झेरॉक्सच्या कागदावर शाई पसरते. बटर पेपरचा (आरपार दिसणाऱ्या पातळ कागदाचा) एक रोल मात्र नक्की हवा, कारण एकावर एक ठेवून आराखडा सुधारत नेण्याची सवय त्यानंच लागते. रेखाटताना तळहाताखाली कोरा कागद ठेवा; घामानं बटर पेपर सुरकुततो आणि स्कॅनमध्ये त्या सुरकुत्या ठळक उठतात.

सगळ्यात जास्त गुण द्यायचे ते बाइंडिंगवाल्याकडच्या २ मिमी पुठ्ठ्याला. १:१०० च्या मॉडेलमध्ये २ मिमी म्हणजे २० सेंमीची भिंत, जवळजवळ आपली नऊ इंची वीटभिंत. १:५० ला तीच भिंत दाखवायची तर ५ मिमीचा फोमबोर्ड घ्या. कापायला लोखंडी पट्टी आणि ९ मिमीचं कटर. प्लास्टिकच्या पट्टीची कड पहिल्याच दिवशी कापली जाते. फोमबोर्ड एका झटक्यात कापला की आतला फोम फाटतो. पहिल्या फेरीत वरचा कागद, दुसरीत फोम, तिसरीत खालचा कागद, आणि पातं सरळ उभं. पातं बोथट झालं की टोक लगेच मोडून टाका. कड फाटण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. चिकटवायला फेविकॉलचा पातळ हात. फेविक्विक थर्मोकोल किंवा तशाच फोमला लागलं तर फोम विरघळून खड्डा पडतो. मॉडेल पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका, बोर्ड वाकतो.

विषयासाठी लांब जायला नको. सिद्धेश्वर मंदिराचा तलावासकट सेक्शन काढा: पाण्याची पातळी, पायऱ्या, गाभारा, सगळं एका कापात. टेक्स्टाइल शिकलेल्यांनी जॅकार्डच्या मागाचं सुटं-सुटं करून दाखवलेलं चित्र करावं. भोकांच्या पुठ्ठ्यांपासून चादरीच्या नक्षीपर्यंतचा प्रवास दोन पानांत मांडता आला, तर ते काम दुसऱ्या कुणाच्या पोर्टफोलिओत नसेल. इमारतींची रंगीत रेंडरं (संगणकावर केलेली चित्रं) सगळेच पाठवतात.

सॉफ्टवेअरमध्ये राइनो या त्रिमितीय मॉडेलच्या प्रोग्रामची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती उत्तम आहे. पूर्ण चालते, पण मुदत संपली की फाइल सेव्ह होत नाही. बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत असते. म्हणून जूनमध्ये उत्साहानं उतरवून घेऊ नका. तोवर ब्राउझरमधल्या मोफत स्केचअपवर (हाही त्रिमितीय मॉडेलचाच प्रोग्राम) हात बसवा आणि राइनो ऑक्टोबरच्या मध्यावर घ्या. म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत फाइली हातात राहतात. स्केचअपच्या मोफत आवृत्तीतून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची) फाइल बाहेर काढता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

रेखाटनं ३०० डीपीआयला स्कॅन करा. मॉडेलचे फोटो सकाळी व्हरांड्याच्या सावलीत, मागे काळं कापड लावून. मोबाइल जवळ न नेता थोडं दूर उभं राहून झूम करा, नाहीतर भिंती बाहेर झुकलेल्या दिसतात. पानांची संख्या आणि पीडीएफचा आकार प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो, म्हणून मांडणी सुरू करण्याआधी ते नियम वाचा.

पैसे भरण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासा. तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठांना चालत नाही. आणि परत येऊन इथं आर्किटेक्ट म्हणून काम करायचं असेल, तर १९७२ च्या कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. बी.आर्क. नसताना घेतलेली परदेशी पदवी त्यासाठी चालेल का, हे काउन्सिलकडून लेखी विचारून घ्या, प्रवेश घेण्याआधीच.