चार्ट सगळेच दाखवतात हो, नवीन स्क्रिप (म्हणजे शेअर) टाकून बघा मग कळेल

सध्या मी शेअर बाजाराचं जे डेटा सॉफ्टवेअर वापरतोय त्याचा रिव्ह्यू लिही म्हणून बरेच जण मागे लागलेत, तर घ्या. नाव लिहीत नाही कारण खाली उणीदुणी बरीच काढलीयेत आणि पुण्यातलीच छोटी कंपनी आहे, मालक स्वतः फोन उचलतो. काम काय करतं तर एनएसई-बीएसईचा लाईव्ह आणि ईओडी (दिवसअखेरचा) डेटा घेऊन अ‍ॅमीब्रोकर या चार्टच्या प्रोग्रॅममध्ये ओततं, मेटास्टॉक हा तसाच दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी पण सोय आहे पण ती मी वापरलेली नाही.

डेमोला सगळे रिलायन्स आणि निफ्टी दाखवतात. ते कुणाचंही चालतं, त्यात काय बघायचं. मी सरळ म्हटलं बजाज हाऊसिंग लावा. आपल्याच पुण्याची कंपनी, 16 सप्टेंबर 2024 ला लिस्ट झाली, 70 ची इश्यू प्राईस (आयपीओत शेअर दिला तो भाव) आणि ओपन 150 ला. ईओडी चार्ट एकदम बरोबर आला पण इंट्राडेला (दिवसभरातल्या चार्टला) पहिल्याच कँडलचा, म्हणजे चार्टवरच्या भावाच्या पट्टीचा, लो 70 दिसत होता, आता 70 ला त्या दिवशी एकही सौदा झालेला नाही. इश्यू प्राईस हीच आदल्या दिवसाचा क्लोज म्हणून फीडमध्ये येते आणि यांच्या सॉफ्टवेअरने ती टिक, म्हणजे झालेला सौदा, समजून खाल्ली. मालकांना दाखवलं तर म्हणाले हो का, बघतो. बघितलं मात्र, पुढच्या अपडेटला गेलं ते, हे मान्य करायला हवं.

ईओडीला नवीन शेअर आपोआप येतो, संध्याकाळी भावकॉपी (एक्स्चेंजची दिवसाच्या भावांची फाईल) उतरली की नाव यादीत. ज्यांना सॉफ्टवेअर न घेता भावकॉपी स्वतःच अ‍ॅमीब्रोकरमध्ये टाकून फुकटात करायचंय त्यांनी लक्षात ठेवा, अ‍ॅमीब्रोकरच्या इम्पोर्ट फॉरमॅट फाईलमध्ये ऑटोअ‍ॅड म्हणून एक ओळ असते, तिथे 1 लिहिलं नाही तर नवीन सिंबॉल (शेअरची एक्स्चेंजवरची छोटी नावं) वगळले जातात आणि तुम्ही शोधत बसता की शेअर गेला कुठे. आणि 8 जुलै 2024 पासून एनएसईने भावकॉपीचा फॉरमॅटच बदललाय, कॉलमची नावं, फाईलचं नाव सगळंच नवीन, त्यामुळे इकडून तिकडून मिळवलेली जुनी फॉरमॅट फाईल आता काही कामाची नाही. यांचं अपडेट तेव्हा लगेच आलं होतं, मला विकत घ्यायला लावलं ते त्यानेच खरं म्हणजे.

लाईव्हचं मात्र त्रांगडं आहे. लिस्टिंगच्या दिवशी 9 ते 10 स्पेशल प्री-ओपन (सुरुवातीचा भाव ठरवायचं सत्र) असतं आणि नॉर्मल ट्रेडिंग 10 ला सुरू होतं. हे सॉफ्टवेअर सिंबॉलची मास्टर फाईल, म्हणजे सगळ्या शेअर्सची यादी, लॉगिन करताना एकदाच उतरवतं, म्हणजे तुम्ही शहाण्यासारखं सकाळी लवकर उठून लॉगिन करून बसलात तर कधी कधी कालचीच यादी हातात, नवीन शेअर सर्चमध्ये नाही. जो उशिरा उठून साडेनऊला मशीन चालू करतो त्याला दिसतो! मास्टर रिफ्रेशचं बटण आहे पण टूल्समध्ये जाऊन, सेटिंगमध्ये जाऊन, अगदी खाली. ते टूलबारवर द्या म्हणून सांगून झालंय, अजून तरी दिलेलं नाही.

अजून एक. 250 कोटीपर्यंतचे जे छोटे मेनबोर्ड (मुख्य बाजारातले) इश्यू असतात ते पहिले 10 ट्रेडिंग दिवस ट्रेड-टू-ट्रेडमध्ये (त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही, डिलिव्हरीच घ्यावी लागते) असतात, म्हणजे एनएसईवर शेअरचा गट दाखवणारी सिरीज ईक्यू (नेहमीची) नसते तर बीई असते. यात डीफॉल्ट फिल्टर फक्त ईक्यूचा! म्हणजे शेअर लिस्ट होऊन 10 दिवस तुमच्याकडे नाहीच, मग अचानक उगवणार, मागचे कँडल गायब. फिल्टरमध्ये बीईसमोर खूण करा, आणि एसएमईमध्ये (छोट्या कंपन्यांच्या बाजारात) हात घालत असाल तर एसएम आणि एसटी या सिरीजसमोर पण. इन्स्टॉल करून देणारा मुलगा हे सांगत नाही, तो तुमचा वायफायचा पासवर्ड विचारतो, चहा घेतो आणि निघतो.

आता खरा मुद्दा, ज्याच्यावर मी कुठलंही डेटा सॉफ्टवेअर पास-नापास करतो, तो म्हणजे नवीन दिसणारा शेअर खरंच नवीन आहे का. झोमॅटोचं एटर्नल झालं, एप्रिल 2025 मध्ये सिंबॉल बदलला. कंपनी तीच, शेअर तोच, आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) ही तोच, पण या सॉफ्टवेअरने त्या संध्याकाळी एटर्नल म्हणून कोरी स्क्रिप उघडली, एक कँडल असलेली, आणि झोमॅटो तिकडे मेल्यासारखा पडून. 200 दिवसांचा अ‍ॅव्हरेज लावला तर रेषाच नाही, आता येणार कुठून, डेटाच एका दिवसाचा. नुसत्या स्कॅनरवर (अटी घालून शेअर शोधणाऱ्या सोयीवर) चालणाऱ्या माणसाला हे कळतही नाही, शेअर त्याच्या यादीतून गुपचूप गळतो. टाटा मोटर्सचं पण तेच, डिमर्जरनंतर (कंपनीचे दोन भाग झाल्यावर) जुना सिंबॉल जाऊन टीएमपीव्ही (पॅसेंजर गाड्यांचा भाग) आला आणि कमर्शियल व्हेईकलची कंपनी 12 नोव्हेंबर 2025 ला वेगळी लिस्ट झाली. म्हणजे एका ठिकाणी जुना इतिहास नवीन नावाला जोडायचाय, दुसऱ्या ठिकाणी खरोखरच शून्यापासून सुरुवात आहे.

एनएसई सिंबॉल बदलल्याची फाईल देते, या लोकांचं सॉफ्टवेअर ती वाचतंही, पण बटण आपणच दाबायचं. आपोआप का नाही विचारलं तर म्हणे चुकीचं जोडलं गेलं तर लोक शिव्या देतात. पटलं थोडंसं. ज्यांच्याकडे हे सॉफ्टवेअर नाही त्यांनी अ‍ॅमीब्रोकरच्या सिंबॉल मेनूत मर्ज आहे ते वापरावं, जुन्या-नव्याचे भाव एकत्र होतात, आधी डेटाबेसच्या फोल्डरची कॉपी काढून ठेवा फक्त. आणि आयएसआयएन बघून जुळवू म्हणणाऱ्यांना सांगतो, नाव बदललं तर तो टिकतो पण स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) झालं की फेस व्हॅल्यू (शेअरवर छापलेली मूळ किंमत) बदलते आणि आयएसआयएनही नवीन येतो, तेव्हा डोळे झाकून त्याच्यावरही जाऊ नका.

याबाबतीत यांनी एक गोष्ट मात्र झकास केलीय आणि ती बघून मी निम्मे गुन्हे माफ केले. केपीआयटी! पुणेकरांच्या पोर्टफोलिओत नसला तर नवल. जुनी लिस्टेड केपीआयटी होती ती 2019 मध्ये बिर्लासॉफ्ट झाली, आणि आज आपण जिला केपीआयटी टेक म्हणतो ती डिमर्ज होऊन एप्रिल 2019 ला नव्याने लिस्ट झालेली कंपनी. म्हणजे केपीआयटीचा 2019 च्या आधीचा चार्ट हा बिर्लासॉफ्टच्या नावावर पाहिजे. भले भले लोक नाव बघून तो केपीआयटी टेकला चिकटवतात आणि वर त्याच्यावर वीस वर्षांचा सपोर्ट (भाव खाली थांबतो ती पातळी) काढतात. यांच्याकडे बरोबर आहे, मी मुद्दाम तपासलं.

कॉर्पोरेट अ‍ॅक्शन, म्हणजे स्प्लिट-बोनसप्रमाणे जुने भाव सुधारणं, बऱ्यापैकी. बजाज फायनान्सचा 16 जून 2025 ला स्प्लिट आणि बोनस एकदम आला, एकाचे दोन आणि वर प्रत्येकी चार बोनस म्हणजे एकाचे दहा, नऊ हजाराचा शेअर नऊशेत. एनएसईचा इतिहास दुसऱ्या दिवशी दहाने भागून तयार, बीएसईचा मात्र फोन केल्यावर. फोन लागतो ही चांगली गोष्ट, उचलतात, एनीडेस्कवर (लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवायच्या प्रोग्रॅमवर) येतात, फक्त प्रत्येक वेळी विंडोज अपडेट आलं असेल म्हणतात.

सर्चमध्ये अँडचं चिन्ह चालत नाही, महिंद्रा (सिंबॉल M&M) शोधायचा तर एम टाइप करून खाली सरकत बसा. ऑप्शनवाल्यांनी तर विचार करून घ्या, निफ्टीत दर 50 पॉइंटला स्ट्राईक (ऑप्शनची ठरलेली पातळी), दर मंगळवारी एक्स्पायरी (ऑप्शनची मुदत संपणं), म्हणजे दर आठवड्याला नवीन सिंबॉलचा ढीग आणि संपलेले आपणच उडवायचे, नाहीतर डेटाबेस माळ्यावरच्या अडगळीसारखा भरत जातो आणि सॉफ्टवेअर उघडायला वेळ लावतं. बॅकफिल (मधला राहिलेला डेटा भरून देणं) चांगला आहे, आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते तेव्हाचे मधले कँडल नंतर भरून येतात, फक्त त्याच दिवशी टाकलेल्या नवीन स्क्रिपला ते होत नाही, तिला राईट क्लिक करून वेगळं सांगावं लागतं.

घ्यावं का? ईओडीवर पोझिशनल (शेअर काही दिवस-आठवडे धरून) करत असाल तर घ्या, आयपीओच्या दिवशी पहिल्या मिनिटाला उडी मारणारे असाल तर ब्रोकरचं टर्मिनलच बरं. ट्रायल मागितली तर देतात, पण एखादं लिस्टिंग असेल असा आठवडा बघून मागा. रिन्यूअलला सवलत नाही, पहिल्या वर्षाइतकेच घेतात, घासाघीस करून बघितली, हलले नाहीत. आणि जीएसटीचं बिल मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.