रविवार-सोमवारची गाठ घालण्यासाठी घेतलेली हॉलिडे मेंबरशिप: पंधरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या शाळेला रविवारी सुट्टी असते आणि यांच्या कारखान्याला सोमवारी. हे शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नोकरीला आहेत, मी कोल्हापुरातल्याच एका शाळेत गणित शिकवते. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघे आणि सासूबाई. दोघांनाही एकाच दिवशी सुट्टी आहे असे दिवस वर्षाकाठी मोजकेच येतात, आणि तेही पै-पाहुणे, लग्नकार्ये आणि दवाखाना यांतच जातात. ही परिस्थिती आधी सांगते, कारण आमची फसगत कशी झाली हे त्याशिवाय नीट कळणार नाही. ज्यांच्या सुट्ट्या दुसरे कोणी तरी ठरवते, अशा नोकरदार जोडप्यांसाठी ही हॉलिडे मेंबरशिप, म्हणजे आधीच पैसे भरून दर वर्षी ठरावीक रात्री कंपनीच्या यादीतल्या ठिकाणी राहण्याची योजना, मुळातच बनवलेली नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. आणि विकली मात्र ती अशाच जोडप्यांना जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका प्रदर्शनात भरलेल्या कूपनावरून फोन आला. बक्षीस लागले आहे, ते घ्यायला पती-पत्नी दोघांनी मिळूनच यावे, एकट्याने आल्यास बक्षीस मिळणार नाही, असे दोनदा बजावले होते. ही अट का असते, ते मला नंतर समजले. एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठून जाऊ शकतो. दोघे समोर बसले की ती वाट बंद होते. शहरातल्या एका हॉटेलच्या सभागृहात अडीच तास आम्हाला बसवून ठेवले होते. मोठ्या आवाजात गाणी चालू होती आणि मधूनमधून कोणा जोडप्याचे नाव पुकारून टाळ्या वाजवल्या जात होत्या. आमच्यासमोर बसलेल्या तरुणाने किंमत सांगण्याआधी एकच प्रश्न विचारला, “सर, मॅडमना घेऊन दोघेच शेवटचे कधी फिरायला गेला होता?” यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. दोघांनाही पटकन साल आठवेना. त्यानंतर पाऊण तासात सही झाली.

किंमत २,९०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, दर वर्षी सहा रात्री. त्याच दिवशी ५८,००० रुपये कार्डावरून घेतले आणि उरलेल्या रकमेचे ७,८०० रुपयांचे ३६ हप्ते पाडले. बोलताना ‘बिनव्याजी’ हा शब्द वापरला गेला होता. घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा हप्त्यांची बेरीज २,८०,८०० रुपये आली. म्हणजे ४८,८०० रुपये व्याजाचेच. याशिवाय देखभालीचे वार्षिक शुल्क १४,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १७,११० रुपये. एकूण ३,३८,८०० रुपयांना साठ रात्रींनी भागले तर रात्रीला ५,६४७ रुपये पडतात, त्यात देखभालीचे २,८५२ रुपये मिळवले की साडेआठ हजारांच्या घरात जाते. हा हिशेब एकही रात्र वाया न घालवता, जेवणखाण सोडून आणि देखभाल शुल्क दहा वर्षे वाढणार नाही असे धरून केलेला आहे. दुसऱ्याच वर्षी ते शुल्क दहा टक्क्यांनी वाढले. आम्हाला पुढे ज्या खोल्या मिळाल्या, त्याच खोल्या इतरांना हॉटेल बुकिंगच्या ॲपवर साडेतीन ते पाच हजारांत मिळत होत्या. हे गणित सभागृहात मांडायला पाच मिनिटे पुरली असती. मी रोज मुलांना व्याजाची उदाहरणे घालते आणि त्या दिवशी कागद-पेन मागितले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पहिल्या उन्हाळ्यात आम्हाला तारकर्लीला जायचे होते. यांना सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता; शाळेच्या सहलीबरोबर मी दोनदा जाऊन आले आहे, हे एकदाही गेलेले नाहीत. बुकिंग नव्वद दिवस आधी सकाळी दहा वाजता उघडते. दहाला माझा दुसरा तास असतो आणि हे त्या वेळी भट्टीजवळ असतात, तिथे फोन वापरता येत नाही. साडेअकराला पाहावे तर मे महिना संपूर्ण ‘उपलब्ध नाही’. कॉल सेंटरवर तब्बल अकरा वेळा बोलल्यावर ९ आणि १० जूनच्या रात्री मिळाल्या. मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा पावसाळ्यामुळे बंद असतात, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही आम्ही गेलो, कारण ती तारीख सोडली असती तर रात्री तशाच शिल्लक राहिल्या असत्या.

करूळ घाट तेव्हा कामासाठी बंद होता, म्हणून राधानगरीवरून फोंडा घाटाने उतरलो. कणकवलीच्या पुढे गेल्यावर फोन आला की आमची खोली ‘सहयोगी मालमत्तेत’ हलवली आहे. समुद्रालगतचे म्हणून दाखवलेले ते ठिकाण किनाऱ्यापासून सहा किलोमीटर आत निघाले. त्या खोलीचे वर्णन मुद्दाम सविस्तर करते, कारण ॲपवरच्या छायाचित्रांत ते कधीच दिसत नाही. दोन एकेरी पलंग जोडून त्यांवर एक चादर अंथरली होती. मधल्या फटीत हात गेला तर फरशीपर्यंत पोहोचत होता. पलंगांच्या पायांना चाके असल्यामुळे कूस बदलली की दोन्ही गाद्या एकमेकींपासून सरकत. भिंतीला ओल होती आणि उशीच्या अभ्र्याला पेटीत ठेवलेल्या जुन्या कपड्यांसारखा वास येत होता. बाल्कनीच्या दाराची कडी मोडलेली होती, ती सुतळीने बांधून ठेवली होती. रात्री वारा सुटला तेव्हा यांनी उठून आपला पट्टा तिला गुंडाळला. “अगं, झोप आता, सकाळी बोलू त्यांच्याशी,” एवढेच ते म्हणाले. दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला त्या फटीच्या कडेला अंग चोरून झोपलेले पाहून मला फार लागले.

त्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. सकाळी तक्रार केल्यावर तिथल्या व्यवस्थापकांनी खोली बदलून देण्याचा मनापासून प्रयत्न केला, पण दुसरी खोलीच नव्हती. स्वयंपाकघरातल्या मावशींनी यांच्यासाठी न सांगता सोलकढी पाठवली, आणि सुरमई इतकी ताजी होती की तिची आठवण आजही निघते. मात्र जेवणाचा ‘मील प्लॅन’ सक्तीचा होता, माणशी दिवसाला १,४०० रुपये, आणि बाहेर जेवलो तरी त्यातून सुटका नव्हती. करारात ही सक्ती अठराव्या पानावर आहे.

दिवाळीच्या सुट्टीचा अनुभव थोडक्यात सांगते. महाबळेश्वर मागितले होते, सणाचे दिवस ‘वर्ज्य तारखा’ असल्यामुळे १० आणि ११ नोव्हेंबर मिळाले आणि तेही पाचगणीच्या अलीकडे. दुपारी दोनची खोली साडेचारला मिळाली. दरीचे दृश्य म्हणून दिलेल्या खिडकीसमोर जनरेटर होता. निघताना जेवणाच्या ५,६०० रुपयांवर १० टक्के सेवा शुल्क लावलेले दिसले. हॉटेलांनी सेवा शुल्क बिलात आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेली आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने पुढे मार्च २०२५ मध्ये ती वैधही ठरवली. काउंटरवर मी त्या तत्त्वांचा तारखेसह उल्लेख केल्यावर दहा मिनिटांत ते ५६० रुपये वगळून नवे बिल दिले गेले. आवाज चढवावा लागला नाही. आमच्या मागे उभ्या असलेल्या नवविवाहित जोडप्याने मात्र तोवर पूर्ण बिल भरलेही होते.

सगळ्यात जास्त मनाला लागले ते जानेवारीत. २०२५ मध्ये २६ जानेवारी रविवारी आली होती, म्हणजे राष्ट्रीय सुट्टीमुळे हेही घरी, आणि पाठोपाठ यांचा हक्काचा सोमवार. मी दोन किरकोळ रजा टाकल्या आणि झेंडावंदन आटोपून आंबोलीला निघायचे ठरले. या वेळी बुकिंग पहिल्याच प्रयत्नात मिळाले होते. २२ जानेवारीला सासूबाईंना श्वास लागला आणि त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. मी त्याच रात्री बुकिंग रद्द केले. मुक्कामाला पंधरा दिवसांहून कमी उरले असताना रद्द केल्यास सर्व रात्री वजा होतात, या नियमाने दोन्ही रात्री गेल्या. डॉक्टरांचे पत्र, दाखल केल्याचा कागद आणि बिले जोडून तीन ईमेल पाठवले. तिन्ही वेळा तोच परिच्छेद उत्तर म्हणून आला. चौथा ईमेल यांनी लिहायला घेतला आणि अर्ध्यात लॅपटॉप मिटला. “आईपेक्षा दोन रात्री मोठ्या नाहीत,” असे ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. पण त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी बोललो ते याच विषयावर, हेही खरे आहे. ‘तूच सही कर म्हणालीस’, ‘तुम्हीच कार्ड काढलेत’, असली वाक्ये आमच्या घरात याआधी कधी उच्चारली गेली नव्हती.

मे २०२५ पर्यंतचा हिशेब असा: सुरुवातीचे ५८,०००, पंधरा हप्त्यांचे १,१७,०००, पहिल्या वर्षीचे देखभाल शुल्क १७,११० आणि दुसऱ्या वर्षीचे १८,८२१, मिळून २,१०,९३१ रुपये. प्रत्यक्ष मुक्काम चार रात्रींचा.

करार मी आता तीनदा वाचला आहे. त्यातले सर्वांत महत्त्वाचे कलम असे आहे की, विक्री प्रतिनिधीने तोंडी दिलेले कोणतेही आश्वासन कंपनीवर बंधनकारक राहणार नाही. ‘हवे तेव्हा, हवे तिथे’ हे सभागृहातले शब्द कागदावर कुठेच नाहीत. कागदावर ‘उपलब्धतेनुसार’ हा एकच शब्द आहे आणि बाकीचा सारा करार त्याच शब्दाभोवती उभा आहे. सही केल्यापासून दहा दिवसांत सदस्यत्व रद्द करून पैसे परत मागण्याची सोयही त्यात होती. करार आमच्या ईमेलवर आला तो बाराव्या दिवशी. ॲपवर दिसणाऱ्या ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ अशा पाट्यांबद्दलही आता मी जागरूक झाले आहे. खोटी घाई निर्माण करणे आणि शेवटच्या टप्प्यावर शुल्के उघड करणे यांचा समावेश ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक (म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांतील १३ प्रकारांत आहे. त्यामुळे अशा प्रत्येक पाटीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने तिथे पैसे देण्याऐवजी चार रात्री ‘सद्भावना’ म्हणून देऊ केल्या, त्याही पुन्हा उपलब्धतेनुसारच. ते आम्ही नाकारले. वाद मुंबईतच चालवावा लागेल असे करारात छापलेले पाहून हे खचले होते. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या वकील बंधूंनी मसुदा तपासून दिला असून कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आहे.

मधल्या काळात आम्ही गप्प बसलो नाही. ४ आणि ५ मे रोजी, म्हणजे माझ्या सुट्टीतला रविवार आणि यांचा सोमवार पाहून, तारकर्लीला एका घरगुती निवासात २,२०० रुपये भाड्याने राहिलो. रविवारची तेवढी यांनी रजा टाकली. मालकीणबाईंना फोन करून त्याच दिवशी काढलेले खोलीचे छायाचित्र मागितले होते. त्यांनी पलंगावरची चादर बाजूला करून गादीचाही फोटो पाठवला. किल्ल्यात शिवराजेश्वराच्या मंदिरात हे बराच वेळ उभे होते. महाराजांच्या हातापायाच्या ठशांपाशी गेल्यावर मला हाक मारून म्हणाले, “अगं, तू दोनदा आलीस आणि मला हे कधी नीट सांगितलेच नाहीस.” मी सांगितले होते, तेव्हा ते रात्रपाळीहून येऊन पेंगत जेवत होते.

ज्यांनी नुकतीच सही केली आहे आणि ज्यांची रद्द करण्याची मुदत अजून संपलेली नाही, त्यांनी फोनवर बोलत बसू नये. आजच ईमेल आणि रजिस्टर पोस्ट, दोन्ही मार्गांनी लेखी कळवावे व पावती जपावी. रागाच्या भरात हप्ते मात्र परस्पर थांबवू नयेत. ते कर्ज वेगळ्या वित्तसंस्थेचे असते, त्याचा करारही वेगळा असतो, आणि हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर आपला बिघडतो. आमच्या नोटिशीला उत्तर द्यायची मुदत ३१ मेपर्यंत आहे. उत्तर आले नाही तर जूनच्या पहिल्या आठवड्यात तक्रार दाखल होईल, आणि निकाल लागेपर्यंत ७,८०० रुपये दर महिन्याच्या ५ तारखेला यांच्या खात्यातून जात राहतील.