मुलांवरचा अभ्यास: शाळेतून करावा की वस्तीतून? सोलापुरात प्रबंध करणाऱ्यांसाठी

विषय ठरतो, गाईड हो म्हणतात, नैतिकता समितीचा (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचा) अर्ज भरायची वेळ येते आणि मग प्रश्न पडतो की मुलं आणायची कुठून. रक्तक्षय असो, विडी वळणाऱ्या घरांतल्या पोरांचा खोकला असो की शाळागळती. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मुलं, तांड्यावरची बंजारा मुलं, पारधी वस्तीतली मुलं अभ्यासात हवी असतील तर सोलापुरात खऱ्या वाटा दोनच, शाळा नाहीतर वस्ती. तिसरी ओपीडीची, पण केसपेपर धरून रांगेत उभी असलेली आई डॉक्टरांना नाही म्हणत नाही. अभ्यास आजाराचाच असेल तरच ती वाट धरा, आणि संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरांऐवजी दुसऱ्या कुणालातरी घ्यायला सांगा.

काही जण या मुलांना सरळ गाळूनच टाकतात. ‘मराठी न समजणारे वगळले’ अशी एक ओळ निकषांत टाकली की काम सोपं होतं, समितीही फार विचारत नाही. पण या शहरात त्या एका ओळीने घरंच्या घरं बाद होतात, आणि वर निष्कर्ष मात्र ‘सोलापुरातील बालके’ या नावाने छापला जातो. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संशोधनाचा भार आणि फायदा दोन्ही न्याय्य रीतीने वाटले गेले पाहिजेत. हाताशी आहेत म्हणून तीच तीच मुलं वापरणं जसं चूक, तसंच कटकट नको म्हणून वगळणंही.

आता शाळा. सोय म्हणाल तर शाळेसारखी नाही. जन्मतारखेसह यादी तयार, पीटीचे सर मदतीला, हॉलमध्ये वजनकाटा मांडला की एका सकाळी दोन वर्ग उरकतात. चार-सहा महिन्यांत प्रबंध संपवायचा असेल तर हा मोह समजू शकतो. पण मुख्याध्यापकांची सही म्हणजे फक्त आत यायची परवानगी. ती आईबापांच्या संमतीची जागा घेत नाही.

घेतली तर काय होतं हे देशाने पाहिलं आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात आदिवासी आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुली बऱ्याच होत्या. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण संमतीची कागदपत्रं उघडली तेव्हा आंध्रात तपासलेल्या ९,५४३ अर्जांपैकी २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. तुमचा अभ्यास लसीचा नाही, मान्य. पण दप्तरातून चिठ्ठी पाठवून ‘उत्तर न आल्यास संमती आहे असे समजू’ लिहिणं हा त्याच रोगाचा सौम्य प्रकार आहे.

पालकांच्या संमतीशिवाय मुलाची स्वतःची मान्यताही लागते. ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. गुरुजी समोर उभे असताना ‘कुणाला यायचं नाही?’ असं विचारलं तर हात कोण वर करणार? शिवाय जनरल रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो, आणि तो परस्पर उतरवून घेणारे महाभाग दर वर्षी भेटतात. ते रजिस्टर शाळेच्या कामासाठी आहे, तुमच्या तक्त्यासाठी नाही.

आणि शाळेत जे मूल नाही त्याचं काय? ऊसतोडीच्या हंगामात घरची माणसं निघाली की पोरंही जातात. दिवाळीनंतर शाळेत मोजणी केली तर ज्यांच्यासाठी अभ्यास काढला तीच मुलं गैरहजर.

वस्तीत काम हळू होतं. विडी कामगाराच्या घरी दुपारी जाऊन बघा. बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली, कात्रीने पान कापतेय, तंबाखू भरून वळतेय, दोरा गुंडाळतेय. बोलताना मान वर करत नाही, कारण मजुरी हजारावर मिळते आणि उद्या माल कारखान्यात द्यायचा असतो. तिचा अर्धा तास म्हणजे तिचे पैसे. बुडालेल्या मजुरीची भरपाई नियमात बसते, फक्त रक्कम आमिष वाटेल एवढी नको आणि ती आधीच अर्जात लिहिलेली हवी. मग ती म्हणते, ‘मालक आल्यावर विचारा,’ म्हणजे नवरा. किरकोळ जोखमीला एका पालकाची संमती सहसा पुरते, पण जोखीम त्याहून जास्त असेल आणि मुलाला थेट फायदा नसेल तर दोघांची लागू शकते. म्हणजे संध्याकाळी पुन्हा फेरी.

फॉर्मची गोष्ट वेगळीच. मराठी फॉर्म नको म्हणून कुणी शुद्ध पुस्तकी तेलुगूत करून आणतं. पण घरात तेलुगू बोलणाऱ्या अनेक बायकांची शाळा मराठीत झालेली, त्यांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. इथे इथल्याच बोलीत वाचून दाखवायला माणूस लागतो, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तटस्थ साक्षीदार. तो तुमच्याच टीममधला चालत नाही. एका खोलीच्या घरात खासगीपणा नसतो हेही धरून चाला. बापाच्या दारूबद्दलचा प्रश्न उंबऱ्यावर, शेजारणीसमोर विचारू नका.

पारधी वस्तीत आणखी सावकाश जा. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, होती, रोजची हजेरी होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव अजून पत्त्यावर आहे. तिथे वही आणि मोजपट्टी घेऊन आलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. म्हणून ओळखीचा माणूस सोबत लागतो. तोच पुढे अडचणही होतो. पंच किंवा पुढारी ‘आमच्याकडून होकार’ म्हणाला की बायका त्याच्यासमोर नाही म्हणत नाहीत. वस्तीलाही मुख्याध्यापक असतो! त्याचा होकार घ्या, पण घरोघरचा वेगळा घ्या, शक्यतो तो नसताना.

माझं मत विचाराल तर उंची, वजन, साधी प्रश्नावली असेल तर मोजमाप शाळेत करा, संमती मात्र घरी जाऊन घ्या, आणि गैरहजर मुलांसाठी घरी फेरी ठेवा. समाज हाच विषय असेल किंवा रक्ताचा नमुना घ्यायचा असेल तर वस्तीच निवडा. अभ्यासातल्या मुलांची संख्या कमी भरेल. गाईड कुरकुर करतील. सुरुवातीलाच आकडा कमी धरून सांख्यिकीवाल्याशी बोला, मागाहून संख्या भरण्यासाठी सह्या गोळा करत फिरू नका. आणि प्रश्नाला जातीची गरजच नसेल तर तो रकाना काढून टाका. छापताना तांड्याचं नाव नको. गावात सहाच पारधी मुलं असतील तर नाव न देताही ती ओळखू येतात, असे तक्ते एकत्र करा.

एक गोष्ट दोन्ही वाटांना लागू. हिमोग्लोबिन सात, म्हणजे फारच कमी, निघालेल्या मुलाला कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, कुणाकडे पाठवणार आणि रिक्षाचे पैसे कोण देणार, हे संमतीपत्रावरच लिहा. ते नसेल तर समितीने अर्ज परत पाठवावा.